परदेशातील हॉटेलच्या लांब मुक्कामात सहप्रवाशांशी मैत्री कशी करावी

हिंजवडी, खराडी किंवा चाकणहून कंपनीच्या कामासाठी परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसा, विमा, विमानाचे तिकीट आणि दैनिक भत्ता यांची माहिती ऑफिसातून व्यवस्थित मिळते. सहा-आठ आठवड्यांच्या मुक्कामातील संध्याकाळी कोणाच्या सोबतीने घालवायच्या, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. जर्मनी, फ्रान्स, इटली यांसारख्या शेंगेन देशांत अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. एवढ्याशा मुदतीसाठी भाड्याचे घर सहसा मिळत नाही, म्हणून मुक्काम हॉटेलात किंवा छोटे स्वयंपाकघर असलेल्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये पडतो. पहिला आठवडा नवलाईत सरतो आणि त्यानंतर खोली ते ऑफिस व ऑफिस ते खोली एवढाच फेरा उरतो. अशा वेळी त्याच इमारतीत उतरलेल्या इतर प्रवाशांशी मैत्री कशी जुळवावी, हे येथे सांगायचे आहे. उदाहरणे बरीचशी जर्मनीतील आहेत, कारण पुण्याच्या वाहनउद्योगाचा त्या देशाशी निकटचा संबंध आहे आणि येथून जाणाऱ्या अनेकांचा मुक्काम स्टुटगार्टच्या परिसरात असतो.

सर्वांत उपयोगी गोष्ट आधी सांगतो: रोज एकाच वेळी एकाच ठिकाणी दिसावे. तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरायला येणारी माणसे नाव-गाव न विचारताही एकमेकांच्या ओळखीची होतात आणि चार दिवस कोणी दिसले नाही तर चौकशी करतात, कारण त्यांची वेळ आणि वाट ठरलेली असते. हॉटेलात हेच घडवून आणायचे आहे, आणि त्यासाठी न्याहारीसारखी दुसरी संधी नाही. कामासाठी आलेली माणसे न्याहारीला लवकर उतरतात, पर्यटक उशिरा येतात. म्हणून सुटीचे दिवस सोडून सातच्या सुमारास जावे, शक्यतो रोज त्याच भागातील टेबल घ्यावे आणि मोबाइल खिशात ठेवावा. पहिले तीन-चार दिवस केवळ मान हलवून ‘गुड मॉर्निंग’ म्हटले तरी पुरते. संभाषणाची घाई करणाऱ्यापेक्षा नियमाने दिसणाऱ्याविषयी लोकांना अधिक विश्वास वाटतो, असे माझे मत आहे.

मुक्कामाला कोण किती दिवसांसाठी आले आहे, याचा अंदाज घेणेही आवश्यक आहे. युरोपातील व्यावसायिक हॉटेलांत बरीच माणसे सोमवारी येतात आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी आपापल्या घरी परततात. तीच माणसे पुढल्या सोमवारी पुन्हा हजर असतात. त्यामुळे रात्रीच्या जेवणाचे विचारायचे असल्यास मंगळवार किंवा बुधवार योग्य ठरतो. शनिवार-रविवारी लॉबीत दिसणारी गर्दी मात्र पर्यटकांची असते आणि तिच्यातील माणसे दुसऱ्या दिवशी निघून जातात. खरी सोबत लाभते ती तिसऱ्या गटाची: आपल्यासारखेच दुसऱ्या देशातून यंत्रे जोडण्यासाठी आलेले तंत्रज्ञ, बदली होऊन आलेली व घर मिळण्याची वाट पाहणारी कुटुंबे, जवळच्या इस्पितळात नातेवाइकाला भेटायला येणारी माणसे. हे लोक सुटीच्या दिवशीही तेथेच असतात आणि त्यांनाही एकटेपणा जाणवत असतो. त्यांना ओळखण्याची खूण सोपी आहे: ते रिसेप्शनवरील कर्मचाऱ्यांना नावाने हाक मारतात आणि किराणा मालाच्या पिशव्या घेऊन वर जातात.

न्याहारीनंतर महत्त्वाची जागा म्हणजे कपडे धुण्याची खोली. यंत्र चालू असते तोवर पाऊण-एक तास दुसरे काही करण्यासारखे नसते, आणि कोणती नाणी लागतात, साबणाची वडी कोठे टाकायची, ड्रायरमध्ये सुती शर्ट आटतो का, हे प्रश्न विचारायला ओळख लागत नाही. अपरिचिताशी बोलणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी ही खोली लॉबीपेक्षा कितीतरी बरी. सामाईक स्वयंपाकघर असेल तर तेही असेच उपयोगी पडते. व्यायामशाळेत मात्र बहुतेक जण कानात हेडफोन घालून असतात. तेथे नमस्कारापलीकडे जाऊ नये.

संध्याकाळची वेळ मोकळी ठेवण्यासाठी घरच्या फोनची वेळ विचारपूर्वक ठरवावी लागते. जर्मनीचे घड्याळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे साडेपाच वाजता काम संपल्याबरोबर फोन केला, तर पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणे उरकलेली असतात आणि सर्वांशी बोलणे होते. त्यानंतरची संध्याकाळ आपली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उलटे होते: तेथे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात, आणि लोकांत मिसळण्याची नेमकी वेळ व्हिडिओ कॉलमध्ये जाते. तेथे फोन आपल्या सकाळी करावा, म्हणजे पुण्यात संध्याकाळ असते.

बोलण्यास सुरुवात करताना उपयुक्त माहिती मागावी किंवा द्यावी: जवळचे दुकान किती वाजता बंद होते, कोणत्या ट्रॅमने जावे, शाकाहारी जेवण कोठे बरे मिळते. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हे शनिवारी दुपारी नवख्या माणसाला सांगितले तर तो आपले आभार मानतो आणि सोमवारी आपण होऊन बोलायला येतो. त्यानंतर कामाचे स्वरूप, गाव, खाणेपिणे, खेळ हे विषय ओघानेच येतात. पगार किती, लग्न झाले का, मुले किती, वय काय, हे आपल्याकडे आपुलकीने विचारले जाणारे प्रश्न पहिल्या काही भेटींत टाळावेत. आपल्याविषयी सांगताना पुणे कोठे आहे हे नकाशाने समजावण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या ओळखीचा धागा द्यावा. योगाभ्यास करणाऱ्याला मॉडेल कॉलनीतील अय्यंगार योगसंस्था अनेकदा माहीत असते. ब्रेमेनचा माणूस भेटला तर औंधच्या बाजूला ब्रेमेन चौक आहे हे ऐकून तो खूश होतो. आणि जपानी सोबत्याला सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे, हे जरूर सांगावे.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. एकाच कंपनीतून आठ जण गेले की ते न्याहारीला दोन टेबले जोडतात, मोठ्याने मराठीत बोलतात आणि मुक्काम संपेपर्यंत दुसऱ्या कोणाशी त्यांचा संबंध येत नाही. आपल्या माणसांत राहण्यात गैर काही नाही, परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी दोघा-दोघांनी वेगळे बसावे, आणि बाहेरचा कोणी येऊन बसला तर सर्वांनी त्याला समजेल त्या भाषेत बोलावे. लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाविषयी मराठीत शेरे मारण्याचा मोहही आवरावा. मराठी समजणारी माणसे आता कोठेही भेटतात.

खाद्यपदार्थांनी मैत्री लवकर जुळते, म्हणून सामान भरतानाच विचार करावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि साजूक तूप घरीच ठेवावे; बाकरवडी, भडंग, चिवडा, गुळाची चिक्की हे टिकतात आणि कोणालाही एका घासात चाखता येतात. मात्र देण्यापूर्वी ॲलर्जी आहे का, हे न चुकता विचारावे. युरोपात खाद्यपदार्थांवर ज्या १४ ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी हे तिन्ही आहेत, म्हणजे आपल्या फोडणीपासून चटणीपर्यंतचा सारा संसारच त्या यादीत आला. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, तेव्हा संकोच करू नये. खोलीतील छोट्या शेगडीवर मिरचीची खमंग फोडणी देऊन पाहुण्यांना जेवू घालण्याचा बेतही तपासून आखावा, कारण मोठ्या हॉटेलांतील धूरसूचक यंत्रणा अनेकदा थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते. खिचडी, दही आणि भाजलेले पापड एवढ्यावर उत्तम मेजवानी होते. कोणी दारूचा आग्रह केला तर ‘मी घेत नाही’ एवढे एकच वाक्य पुरते. जर्मनीत बिनदारूची बिअर आणि सफरचंदाचा सोडायुक्त रस सर्वत्र मिळतो.

ओळखीचे रूपांतर मैत्रीत होते ते सुटीच्या दिवशी एकत्र बाहेर पडल्यावर. ‘कधीतरी जाऊ या’ असे न म्हणता ठिकाण, वार आणि वेळ सांगून विचारावे. जर्मनीत यासाठी फार चांगली सोय आहे: प्रत्येक राज्याचे, किंवा दोन-तीन राज्यांचे मिळून, एक दिवसाचे प्रादेशिक रेल्वे तिकीट मिळते, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग किंवा बायर्नच्या तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. एकट्याचे तिकीट महाग पडते, पण पुढच्या प्रत्येक माणसामागे थोडीच रक्कम वाढत असल्याने पाच जणांत दरडोई खर्च खूप उतरतो. म्हणजे सोबत शोधण्याला एक सभ्य व्यावहारिक कारणही मिळते. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊनंतर चालते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. द्रुतगती गाड्यांना ते लागू नाही. प्रवाशांची नावे तिकिटावर लिहावी लागत असल्यामुळे इतके दिवस विचारायचे राहून गेलेले आडनाव त्या निमित्ताने कळते, हा वरचा लाभ. स्टुटगार्टहून ट्युबिंगेन, उल्म किंवा हायडेलबर्ग दिवसभरात सहज पाहून होते. ज्यांना सहलीपेक्षा व्यायाम आवडतो, त्यांनी पार्करनची चौकशी करावी. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेला हा पाच किलोमीटर धावण्याचा किंवा चालण्याचा साप्ताहिक कार्यक्रम आता अनेक देशांत दर शनिवारी सकाळी होतो, त्याला शुल्क नसते, एकदाच नोंदणी करावी लागते, आणि संपल्यावर कॉफीसाठी थांबण्याची पद्धत आहे.

खर्चाच्या बाबतीत पुण्याचा टीटीएमएमचा रिवाज येथे उत्तम चालतो. जर्मन उपाहारगृहात बिल एकत्र की वेगवेगळे, असे वेटर स्वतःच विचारतो आणि वेगळे मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कोणी आपले पैसे दिले, तर पुढच्या वेळी आपण द्यावेत. तेथेच बिलावरून ओढाओढी करू नये.

काही मर्यादा पाळाव्यात. खोलीचा क्रमांक सांगू नये, भेट लॉबीत ठरवावी, आणि पहिल्या काही भेटी हॉटेलच्या सार्वजनिक भागात किंवा गजबजलेल्या जागी व्हाव्यात. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी हे अधिक कसोशीने पाळावे आणि कोणाबरोबर कोठे जात आहोत ते एका सहकाऱ्याला कळवून ठेवावे. कामाविषयी बोलताना समोरचा माणूस प्रतिस्पर्धी कंपनीचा असू शकतो, हे विसरू नये. एकाच औद्योगिक परिसरातील हॉटेलांत अनेक पुरवठादारांची माणसे उतरलेली असतात. नव्या मॉडेलची किंवा वेळापत्रकाची गोष्ट जेवणाच्या टेबलावर निघता कामा नये.

भाषेची थोडी तयारी पुण्यातूनच करता येते. बोट क्लब रस्त्यावरील मॅक्समुल्लर भवनात जर्मनचे आणि फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विविध परदेशी भाषांचे वर्ग चालतात. महिनाभरच हाती असेल तर अभिवादन, आभार, आकडे आणि क्षमायाचना एवढे शिकले तरी चालते. संपर्कासाठी जर्मनीत व्हॉट्सॲप चालते, पण जपानी माणूस लाइन वापरतो, चिनी वुईचॅट आणि कोरियन काकाओटॉक; म्हणून एकमेकांचा ईमेल पत्ताही घेऊन ठेवावा, कारण मायदेशी परतल्यावर सिमकार्ड बदलते.

निघण्याची तारीख सोबत्यांना आठवडाभर आधी सांगावी, म्हणजे शेवटचे जेवण घाईत उरकावे लागत नाही. उरलेले तांदूळ, डाळ, मसाले, प्लगचा अडॅप्टर या वस्तू मागे राहणाऱ्याला द्याव्यात. दुसऱ्याचे बंद पार्सल मात्र कितीही मैत्री असली तरी आपल्या सामानात नेऊ नये. विमानतळावर सामानाची जबाबदारी आपल्यावरच असते, एवढे सांगून नकार देता येतो. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच एखादे छायाचित्र आणि चार ओळी पाठवाव्यात, नाहीतर ते राहूनच जाते. आणि ‘पुण्याला या’ असे म्हणण्यापूर्वी विचार करावा, कारण आपल्याकडे निरोप घेताना सहज उच्चारले जाणारे हे वाक्य जर्मन माणूस गंभीरपणे घेतो आणि तेथल्या तेथे दिनदर्शिका उघडून तारीख विचारतो. खरोखरच बोलवायचे असेल तर एप्रिल-मे टाळून डिसेंबर किंवा जानेवारी सुचवावा, घरी उतरण्याची सोय आहे की जवळच्या हॉटेलात, हे आधीच स्पष्ट करावे, आणि आल्यावर त्याला कोणत्या दिवशी सिंहगडावर न्यायचे ते आपल्याही दिनदर्शिकेत लिहून ठेवावे.