दुसरी फळी आणि खेळाडूंची गळती: कॉलेज फुटबॉलमधील या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये ऑक्टोबर उलटला की अनेक संघांची एकच अडचण समोर येते: पटावर नावे भरपूर असतात, पण दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी विश्वासाने उतरवावा असा माणूस सापडत नाही. याचे मूळ बहुधा मोजणीत असते. २०२५ मध्ये हाउस खटल्यातील (खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या) तडजोडीमुळे, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती, ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंची पटमर्यादा आली. मात्र त्यातून नवखे, जायबंदी आणि संघ सोडण्याच्या विचारात असलेले खेळाडू वजा केले, तर हाती उरणारी संख्या फार लहान असते. म्हणून एकूण आकड्याऐवजी प्रत्येक स्थानावर खऱ्या सामन्यात खेळलेले किती जण आहेत आणि त्यांच्या खेळण्याच्या पात्रतेची किती वर्षे शिल्लक आहेत, याचा तक्ता ठेवावा.

सर्वांत महागात पडणारी चूक ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू पास करणाऱ्या क्वार्टरबॅकच्या संरक्षणासाठी पुढे उभ्या असणाऱ्या फळीत, होते. तेथील पाच जागांसाठी (मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल) पाच स्वतंत्र राखीव खेळाडू घडवण्याचा हट्ट धरला जातो. प्रत्यक्षात दोन-तीन जागा सांभाळू शकणारे मोजकेच खेळाडू अधिक उपयोगी पडतात. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये आणि सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला. तेव्हा लेफ्ट गार्ड डोनोव्हन जॅक्सनला टॅकलवर हलवून, सेंटरची जागा कार्सन हिन्झमनकडे देऊन त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अशी हलवाहलव सामन्याच्या आठवड्यात शिकवता येत नाही. तिचा सराव ऑगस्टमध्येच व्हायला हवा.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत चूक वेगळी असते. सरावातील बहुतेक स्नॅप (चेंडू घेऊन चाल खेळण्याच्या संधी) पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळतात आणि तिसरा क्रमांक नुसता उभा राहतो. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस आणि पाठोपाठ त्याचा बदली खेळाडूही बाहेर गेल्यावर, लुईव्हिलविरुद्धचा कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) अंतिम सामना पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनला खेळावा लागला. संघ १६-६ असा जिंकला खरा, पण १३-० अशी अपराजित कामगिरी असूनही निवड समितीने, ट्रॅव्हिसच्या अनुपस्थितीचा दाखला देत, संघाला प्लेऑफबाहेर (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीबाहेर) ठेवले. (हा निर्णय आजही अनेकांना अन्यायकारक वाटतो, आणि ते समजण्यासारखे आहे.) पुढे अनेक खेळाडूंनी ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्याकडे पाठ फिरवली आणि जॉर्जियाने ६३-३ असा धुव्वा उडवला. उलट २०१४ मध्ये ओहायो स्टेटच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने तीन सामने जिंकून विजेतेपद आणले. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकासाठी दर आठवड्याला थोडे स्नॅप राखून ठेवणे वाया जात नाही.

ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे इतर विद्यापीठांतून खेळाडू आणण्याच्या व्यवस्थेने, सगळी भोके बुजतील, हा समजही तपासून पाहावा. कोलोरॅडोने २०२३ मध्ये जवळजवळ सगळा संघ बदलला, पहिले तीन सामने जिंकले आणि हंगाम ४-८ असा संपवला. नव्याने जमवलेली लाइन क्वार्टरबॅकला वाचवू शकली नाही. कॉर्नरबॅक (बचावपटू) किंवा रिसीव्हर (पास झेलणारा) आयता मिळू शकतो, पण एकमेकांच्या हालचाली ओळखणारी लाइन घडायला वेळ लागतो. शिवाय शेवटच्या वर्षाचे खेळाडू घाऊक आणले, तर तीच जागा पुढच्या जानेवारीत पुन्हा रिकामी होते. २०२६ पासून वसंतातली पोर्टलची मुदत नसल्याने स्प्रिंग सरावात उघडी पडलेली उणीव तेथून भरून काढणेही अवघड झाले आहे.

गळती मात्र बऱ्याचदा आधी दिसते. दुसऱ्या वर्षीही संधी न मिळालेला खेळाडू जाण्याचा विचार करणारच, म्हणून त्याची पुढच्या वर्षीची भूमिका हंगाम संपण्यापूर्वीच त्याला स्पष्ट सांगावी. २०१८ च्या नियमाने रेडशर्टचे वर्ष (पात्रतेच्या वर्षांत न मोजले जाणारे वर्ष) न गमावता चार सामन्यांपर्यंत खेळण्याची मुभा दिली. हे सामने सप्टेंबरमधल्या एकतर्फी लढतींतच संपवू नयेत. त्यांपैकी निदान दोन नोव्हेंबरसाठी राखून ठेवले, तर दुखापतींच्या काळात नवा खेळाडू वापरता येतो आणि त्याला संघात थांबण्याचे कारणही मिळते.