मिशनवर वर्षभरासाठी निघताय? बॅग भरताना या चुका टाळा

वर्ष-दोन वर्षांच्या सेवाकार्यासाठी केनिया, युगांडा किंवा इथिओपियाला निघालेल्या माणसाची बॅग उघडली की वर हमखास साबणाच्या वड्या, टूथपेस्ट आणि पाच किलो तांदूळ निघतात. हे सगळं तिकडे मिळतं. केनियातल्या मोठ्या शहरांत तर जुन्या गुजराती वस्तीमुळे तूरडाळ आणि हिंगही मिळतो. तिकडे मिळत नाही ते वेगळंच: नाशिकच्या बँकेचा ओटीपी, पेठ रोडच्या आरटीओचा परवाना, तुमच्या नंबरचा चष्मा. 1870 च्या दशकात नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशनमधून मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनला, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांच्या वसाहतीला, गेलेल्यांना मागे राहिलेली वस्तू मिळायची तर पुढच्या बोटीची वाट बघावी लागत असणार. आता कुरिअर आहे, पण औषधांचं पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि ओटीपी पार्सलने येत नाही.

चूक पहिली: भारतातलं सिम बंद पडू देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती बॅगेत दिसत नाही. बँक, आधार, पासपोर्टची साइट, विमा, सगळं त्या एका नंबरावर टांगलेलं असतं. प्रीपेड सिम सलग 90 दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो. त्यामुळे निघण्याआधी लांब मुदतीचा रिचार्ज मारा, इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि पुढचे रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवा.

बरेच जण निघायच्या आदल्या दिवशी सिमचं ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम) करून घेतात. तिथे घोटाळा होतो: सिम बदललं की सुमारे 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात. विमानतळावर कार्डाने पैसे भरायला जावं तर ओटीपीच येत नाही. हे काम किमान आठवडाभर आधी उरका. आमचं मत विचाराल तर ई-सिमपेक्षा साधं सिम एका जुन्या, स्वस्त फोनमध्ये ठेवणं बरं. मुख्य फोन चोरीला गेला तर परदेशातून ई-सिम पुन्हा मिळवणं जिकिरीचं असतं.

डेबिट कार्डाचंही तसंच. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशातला वापर सुरुवातीला बंदच असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन असे तीन पर्याय वेगवेगळे असतात, तिन्ही तपासा. कार्डाची मुदत तुमच्या मुक्कामात संपत असेल तर आधीच नवीन मागवा. नाहीतर ते नाशिकच्या पत्त्यावर येऊन पडेल आणि तुम्ही तिकडे. पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, ते बँकेत आधीच विचारून ठेवावं.

रोख डॉलर नेताना नोटा निवडून घ्या. 100 डॉलरची निळ्या पट्टीची नोट 2013 मध्ये आली. त्याआधीच्या, दुमडलेल्या किंवा शाईचा ठिपका पडलेल्या नोटांना आफ्रिकेत अनेक ठिकाणी कमी भाव देतात किंवा घेतच नाहीत. मनी चेंजर जुन्या नोटा पुढे करतो, त्या तिथल्या तिथे बदलून मागा.

चूक दुसरी: औषधांची पट्टी कापून नेणं

दुकानदार दहाच्या पट्टीतल्या सहा गोळ्या कापून देतो आणि गोळीचं नाव, बॅच, मुदत उरलेल्या तुकड्यावर राहते. कस्टमचा अधिकारी नाव नसलेल्या गोळ्या बघून प्रश्न विचारणारच. पूर्ण पट्ट्या घ्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी टाइप केलेली आणि इंग्रजीत घ्या, तीवर पासपोर्टवरचंच नाव आणि औषधाचं मूळ नाव हवं. आपला ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. ‘टेल्मिसार्टन 40’ म्हटलं की कुठलाही फार्मासिस्ट ओळखतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. दुबईत रात्रभर थांबून शहरात जाणार असाल तर तिथलाही नियम लागतो. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठलं की वाया गेलं.

ओआरएसची पाकिटं न्या, पण मोठं आणि छोटं यात गल्लत करू नका. मोठं पाकीट एक लिटरचं, साधारण 4 ग्रॅमचं छोटं 200 मिलिलिटरचं. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं की क्षार फारच कमी पडतात. उलट मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर जुलाब वाढू शकतात.

यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. लशीच्या पिवळ्या दाखल्यावरचा पासपोर्ट नंबर केंद्रातच ताडून पाहा. दाखला आयुष्यभर चालतो. तो नसताना केनिया किंवा युगांडाहून परत आलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबाबत शेजाऱ्याचा सल्ला नको: आफ्रिकेतल्या फाल्सिपेरम मलेरियावर क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन दिलं तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं असतं, आणि त्याने ऊन लवकर भाजतं, म्हणून टोपी हवीच.

चूक तिसरी: ‘आफ्रिका म्हणजे ऊन’

नैरोबी सुमारे 1,800 मीटरवर आहे आणि अदिस अबाबा 2,300 च्याही वर. आपलं नाशिक त्यांच्या निम्म्याहूनही खाली. जून ते ऑगस्टमध्ये नैरोबीत सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. मंडळी मात्र सुती शर्ट भरून जातात आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या कपड्यांच्या बाजारात जॅकेट शोधत फिरतात.

कपड्यांचा आणखी एक धडा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला एक माशी बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. अळ्या कातडीत शिरतात आणि गळवासारखी गाठ येते. उपाय एकच, कडक इस्त्री: अंतर्वस्त्रांना, पंचाला, चादरीलाही, कमरपट्टीची शिवण आणि इलास्टिकसकट. इस्त्रीची सोय नसेल तर कपडे खोलीच्या आत, जाळी लावून वाळवा. म्हणून बॅगेत पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे टाका. जाड टर्किशचा टॉवेल घरीच ठेवा. पंचासारखा प्रवासी टॉवेल जगात दुसरा नाही, तासाभरात वाळतो आणि वजन नावापुरतं.

चूक चौथी: कॅरीबॅग आणि खोबरं

आपली सवय म्हणजे चपला एका कॅरीबॅगेत, मसाला दुसऱ्या, ओले कपडे तिसऱ्या. केनियात 2017 पासून आणि टांझानियात जून 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, रवांडात त्याही आधीपासून. विमानतळावर त्या काढून घेतात. जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या नाडीवाल्या पिशव्या शिवून घ्या, चार-पाच पुरतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. काळा मसाला इथेच तयार करून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. बी-बियाणं, ताजी फळं नेऊ नका. चिवडा नेऊ शकता, पण तो वजनापेक्षा जागाच जास्त खातो.

पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. मर्यादा 100 वॉट-तासांची. हिशेब असा: 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले 1,000, म्हणजे 74 वॉट-तास. आकडे पुसलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत जप्त होते. केनिया-युगांडात चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो. तसं एकच अ‍ॅडॅप्टर आणि घरातला चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड नेला की भागतं.

चूक पाचवी: ओझरचं तिकीट वेगळं काढणं

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जाऊन पुढचं परदेशी विमान धरायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर हवीत. वेगळी काढली तर पहिल्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागतो, बहुधा 15 किलोचा. पुढे 23 किलोच्या दोन बॅगांची परवानगी असली तरी इथे जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. शंभर टक्के खात्री नसेल तर रस्त्याने मुंबई गाठलेली बरी. लटकवायचा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. बॅग 22 किलोवर थांबवा, काट्याकाट्यांत फरक असतो.

तिकडे गाडी चालवावी लागणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओकडून घ्या. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते, म्हणून तो अगदी शेवटच्या महिन्यातच काढा. चष्म्याच्या दोन जोड्या न्या, आणि नंबरचा कागद पाकिटात असू द्या.