अँटिलोप कॅनियन बघायला जाताय? या चुका टाळा

मुलांकडे अमेरिकेत आलेले आई-बाबा, लास व्हेगास, ग्रँड कॅनियन आणि जाता जाता अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाजवळचं अँटिलोप कॅनियन, असा बेत पुष्कळ मराठी घरांत ठरतो. या जागेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: घळ. सह्याद्रीतली सांदण दरी उतरलेल्या माणसाला तिचा चिंचोळेपणा ओळखीचा वाटेल. पण सांदणचा कातळ काळा, आणि इथला वालुकाश्म केशरी-गुलाबी, साडीच्या निऱ्यांसारखा थराथरांनी वळलेला. जमीन नवाहो या अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांची आहे आणि १९९७ पासून त्यांच्या परवानगीचा गाइड बरोबर असल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणजे वेळेची आणि बुकिंगची चूक झाली की पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

वेळेची चूक आम्ही केली. डिसेंबरमध्ये व्हेगासहून पहाटे पाचला निघालो. साडेचार तासांचा रस्ता, टूर दहाची, अर्धा तास हाताशी. वाटेत फोनचं घड्याळ एक तास पुढे सरकलं होतं, पण आम्ही गाडीतल्या घड्याळाकडे बघत होतो आणि ते व्हेगासचीच वेळ दाखवत होतं. काउंटरवर पोचलो तेव्हा दहाची बॅच जाऊन अर्धा तास झाला होता. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या सगळ्या बॅचेस भरलेल्या होत्या. बाबा काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा हे नीट समजून घ्या. अ‍ॅरिझोना राज्य अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांसारखं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पेज आणि व्हेगासची वेळ एकच असते, हिवाळ्यात मात्र पेज एक तास पुढे. नवाहो नेशन (नवाहो लोकांचा स्वशासित प्रदेश) आणि शेजारचं यूटा राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, पण अँटिलोपच्या टूर पेजच्याच वेळेवर चालतात. उन्हाळ्यात यूटातल्या कॅनबहून आलात तर तासभर आधी पोचाल, त्यात नुकसान नाही. उलट सकाळी अँटिलोप आणि दुपारी मॉन्युमेंट व्हॅलीची टूर घेतली असेल, तर ती नवाहो नेशनच्या वेळेवर चालत असल्याने तिथे एक तास हातातून जातो. फोन कधी कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही. पेजला असेपर्यंत फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करून फिनिक्सची, म्हणजे पेजचीच, वेळ लावून ठेवा. टूरच्या अर्धा तास आधी हजर राहायचं असतं, हेही हिशेबात धरा.

दुसरी चूक बुकिंगची. ‘अँटिलोप कॅनियन’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली ‘अप्पर’ नावाची घळ: ती खाली रुंद आणि वर चिंचोळी असते, जमीन बरीचशी सपाट. उन्हाचा झोत सरळ वाळूवर पडतो ते प्रसिद्ध फोटो इथलेच, पण तो झोत साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि भर दुपारच्या आसपासच दिसतो. डिसेंबरात त्याची आशा धरू नका. दुसरी ‘लोअर’: ती वर रुंद, खाली अरुंद. उभे लोखंडी जिने उतरावे लागतात, काही ठिकाणी पाऊल आडवं टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना तिथे नेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. अप्परलाही वाळूतून गाडीचे धक्के बसतात आणि परतताना घळीच्या बाहेरून चढ-उतार आहे, तोही बुकिंगआधी विचारून घ्या. तिसरी लेक पॉवेल या धरणाच्या जलाशयातली बोटीची सफर. ती याच कॅनियनच्या पाण्याने भरलेल्या तोंडाशी जाते. छान असते, पण त्या लाटांसारख्या भिंती तिच्यात दिसत नाहीत.

आता पावसाबद्दल, कारण इथली चूक जिवावर बेतते. अप्परच्या नवाहो नावाचा अर्थच ‘खडकांतून पाणी वाहतं ती जागा’ असा आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअरमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. घळीपाशी पाऊस जेमतेमच होता. तो वरच्या अंगाला, कित्येक मैल दूर कोसळला होता. उघडा खडक आणि कडक जमीन पाणी पिऊन घेत नाही, सगळं पाणी ओढ्यांतून याच फटीत शिरतं. सांदणला पाऊस आपल्या अंगावर पडतो, इथे डोक्यावर निळं आभाळ असताना पाणी येऊ शकतं. तेव्हाच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या, आता जिने लोखंडी आणि खडकात पक्के बसवलेले आहेत. गाइड हवामानावर सतत नजर ठेवतात. ते टूर रद्द करतात तेव्हा ‘पण ऊन तर पडलंय’ म्हणून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. मध्य जून ते सप्टेंबरअखेर तिथला मान्सून असतो आणि वादळं बहुधा दुपारनंतर उठतात, म्हणून त्या दिवसांत सकाळची वेळ घ्या आणि दुसरा अर्धा दिवस मोकळा ठेवा.

बॅग, पर्स, कमरेचा पाऊच, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक यातलं काहीही आत नेऊ देत नाहीत. आईची गोळ्यांची डबी पर्समध्ये असते आणि पर्स गाडीत राहते, म्हणून खिसा असलेला कुर्ता किंवा जॅकेट घालायला सांगा. पाण्याची बाटली हातात चालते. व्हिडिओला मनाई आहे, ती पाळा, नवाहो लोकांसाठी ही जागा पवित्र आहे.

फोटोंचं म्हणाल तर फ्लॅश बंद ठेवा, आणि चौकटीत आभाळाचा तुकडा येऊ देऊ नका, नाहीतर भिंती काळ्या पडतात. वरून पिठीसारखी वाळू सारखी झिरपत असते, आत कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका. बाहेर आल्यावर फोन लगेच चार्जिंगला लावू नका. पोर्टमध्ये फुंकर मारली तर वाळू आणखी आत जाते. फोन उलटा धरून मऊ, कोरड्या ब्रशने ती झाडा आणि मगच वायर जोडा.