कुत्र्याचा वास जात नाही? आधी तो नेमका कुठून येतोय ते शोधा

आंघोळ घालून दोन दिवसांत परत वास मारायला लागला तर शॅम्पू बदलत बसू नका, आधी कुत्र्याला जवळ घेऊन एकेक जागा हुंगून बघा, किळस वाटेल पण कारण असंच सापडतं. पहिले कान, कारण लांब पडलेल्या कानांच्या कुत्र्यांत बऱ्याचदा तिथंच गडबड असते. कान उलटून बघा, आत लाल दिसतंय, चॉकलेटी मळ आहे, आंबूस वास येतोय, सारखं डोकं झटकतोय, तर इन्फेक्शन समजा, आणि कानात बड किंवा तेल अजिबात घालू नका, पडदा फाटलेला असला तर औषधसुद्धा त्रास देतं, म्हणून डॉक्टरांना आधी आतून बघू द्या.

मग ओठ वर करून दात बघा, पिवळा थर आणि लाल हिरड्या दिसल्या की वास तोंडाचा. सडक्या मासळीसारखा वास येतोय आणि बूड जमिनीवर घासत चालतोय, तर शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्यात, त्या डॉक्टरांकडूनच रिकाम्या करून घ्या. बोटांच्या मधे, काखेत, गळपट्ट्याखाली पण बघा, ओल राहिली की तिथं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढते.

आणि हो, तो झोपतो ती जुनी सोलापुरी चादर! आपल्याकडं पाणी रोज येत नाही त्यामुळं ती धुवायची राहून जाते, पण पाणी आलं की ती आधी गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका, उन्हाला इथं काय तोटा नाही.

वास अचानक वाढला, सोबत खाणं कमी झालं किंवा पाणी जास्त प्यायला लागला तर घरी थांबू नका, लगेच दाखवा.