राख साचलेल्या शेतासाठी मृगाआधीचा सल्ला

औष्णिक वीज केंद्राच्या किंवा त्याची राख साठवणाऱ्या राख बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला शेती असेल, तर पाऊस पडायच्या आत कामाला लागा. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडीलगत खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा राखेचा गाळ नाल्यांतून शेतांत शिरला होता. एवढं मोठं काही घडलं नाही तरी थोडीथोडी राख वाहून, उडून येतेच.

ओली राख चिमटीत मऊ, गुळगुळीत लागते. वाळली की तिची पपडी धरते आणि पाणी वरच्यावर निघून जातं. ही पपडी वखरून मातीत मिसळू नका. आधी फोटो काढा, पंचनामा करून घ्या. मग पाण्याचा हलका शिपका मारून, मास्क लावून फावड्याने खरवडा. ढीग विहीर-नाल्यापासून लांब, ताडपत्रीखाली ठेवा.

राहिलेल्या राखेतलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने धुऊन निघतं, असं कुणी सांगेल. लिंबातलं सायट्रिक आम्ल धातू सोडवतं हे खरं आहे. पण प्रयोगशाळेत ते पाणी भांड्यात जमा होतं, शेतात ते तुमच्याच विहिरीत उतरेल. धातू जळत नाही, कुजत नाही. म्हणून शेतात त्याला सोडवायचं नाही, जागीच बांधून ठेवायचं.

त्यासाठी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत नेहमीच्या दुप्पट घाला. त्यातलं ह्युमस, म्हणजे कुजून तयार झालेला काळा सेंद्रिय भाग, शिसं आणि कॅडमियम धरून ठेवतं, विषारी क्रोमियमचं रूपही सौम्य करतं. कच्चं शेण मात्र नको. आर्सेनिकची गोष्ट उलटी आहे: चुना टाकून माती विम्ल (आम्लाच्या उलट) केली की तो सुटतो, स्फुरदाची खतं जास्त झाली तरी सुटतो. त्याला लोहयुक्त लाल माती धरते. धानाच्या बांधीत पाणी सतत तुंबलं तरी आर्सेनिक मोकळा होऊन दाण्यापर्यंत जातो, म्हणून बांधी अधूनमधून सुकू द्या.

नेहमीच्या माती परीक्षणात हे धातू तपासले जात नाहीत, ते वेगळे मागून घ्यावे लागतात. सोबत बोरॉनही तपासा. राखेत तो भरपूर असतो आणि संत्र्याला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. अहवाल येईपर्यंत बोरॉनची फवारणी बंद. त्या तुकड्यात पालक, मेथीही लावू नका, पालेभाज्या कॅडमियम लवकर ओढतात. यंदा तिथे कापूस बरा.

उताराच्या धुऱ्यावर पहिल्या पावसात वितीवितीवर वाळ्याचे ठोंब लावा. वाळा वाहती राख अडवतो आणि बरेचसे धातू मुळांतच साठवतो. म्हणूनच या धुऱ्यावरची मुळं उन्हाळ्यात कुणी पाण्याच्या माठात टाकणार नाही, हे घरात सगळ्यांना, लेकरांनासुद्धा, आत्ताच सांगून ठेवा.