शू आणि फिट एकाच वहीत लिहा

माझा मुलगा पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसलं होतं की दोन्ही किडन्या सुजल्यात आणि गर्भजल कमी आहे. जन्मल्यावर निदान झालं, लघवीच्या नळीत पडदा. पोस्टिरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात, फक्त मुलग्यांत होतो. दुर्बिणीतून तो कापला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पुढे तीन वर्षं घरातल्या सगळ्यांचं लक्ष लंगोटावर. पोर बोलत नाही, हे दिसत असून कुणी मनावर घेतलं नाही. दवाखान्यातही एकांनी ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाटेला लावलं.

मग मे महिना आला. सोलापूरचं ऊन, त्यात त्याला जुलाब, आणि मी भांड्याने साधं पाणी पाजत बसले. दुपारी फिट आली. सासूबाई कांदा फोडून धावल्या, शेजारचे चप्पल घेऊन आले. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, घसरलं होतं. अशा किडन्यांना लघवी घट्ट करता येत नाही, पाण्याबरोबर मीठही वाहून जातं. जुलाबात नुसतं पाणी पाजलं की उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं. म्हणून किडनीचं पोर आहे म्हणून परस्पर मीठ तोडू नका. कुणाला कमी लागतं, कुणाला वरून द्यावं लागतं. उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा: जुलाब झाले तर ओआरएस किती द्यायचं आणि रक्त कधी तपासायचं.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. चमचा नाही, पाणी नाही, कांदाही नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. पहिलीच फिट असेल तर थांबली तरी जायचंच.

किडनीच्या सगळ्याच मुलांना मेंदूचा त्रास होतो असं नाही. पण किडनीच्या डॉक्टरांपुढे बोलण्याचा विषय निघत नाही आणि मेंदूच्या डॉक्टरांपुढे लघवीचा, तो आपणच काढायचा. मी शाळेचे गणवेश शिवते. मापाच्या वहीची मागची पानं त्याच्यासाठी ठेवली. तिथे असं लिहिते:

बसला कधी, चालला कधी, पहिला शब्द कधी. दीड वर्षाला चालत नसेल, दोन वर्षाला ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल तर वाट बघू नका. आधी कान तपासा. काही आजारांत कान आणि किडनी दोन्हींत दोष असतो. काहींच्या १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला असतो, त्यात किडनीबरोबर शिकण्याचा त्रास किंवा स्वमग्नताही दिसते. जनुकीय तपासणीचं विचारायला लाजू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही वही दाखवा.

पाठ. आंघोळ घालताना कमरेखाली खोल खळगा, केसांचा झुपका, मऊ गाठ दिसते का? सोबत बद्धकोष्ठता, सारखी टपकणारी शू, एक पाय बारीक असेल तर मणक्यातल्या नसा तपासायला लागतात.

बीपी. ही माझी खास चिडचीड. मोठ्या माणसाचा पट्टा बारक्या दंडाला गुंडाळला की बीपी खरं असेल त्याहून कमी दिसतं. मी दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहिते, बाहीसाठी घेते तसाच, आणि पट्टा बांधायच्या आधीच सांगते, ‘साहेब, साडेपंधरा सेंटिमीटर आहे, लहान पट्टा घ्या.’ नर्सबाई आधी हसायच्या, आता स्वतःच ड्रॉवर उघडतात. डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणं असेल तर त्याच दिवशी बीपी बघा. वाढलेल्या बीपीनेही फिट येते. तापडोकेदुखीला आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, ते किडनीला जड जातं.

शाळेत बाईंना दोन गोष्टी सांगा: शूला कधीही सोडायचं, आणि वर्गात मध्येच टक लावून हरवला तर वेळ लिहून ठेवायची, कारण तीही फिट असू शकते. आमच्या बाईंनी ‘खिडकीतून बघत बसतो’ असं तीनदा लिहिलं होतं. ते पान दाखवल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायला लावला. आता त्यांनी दिलेला, फिट थांबवायला नाकात मारायचा फवारा पर्समध्येच असतो. यंदा गड्ड्याला, आमच्या सोलापूरच्या जत्रेला गेलो, तर पाळण्यात बसतानाही पर्स मांडीवर होती.