गावात घरी फायबरचं इंटरनेट घेताना

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. अर्ज भरण्याआधी मी खांब पाहत पाहत ग्रामपंचायतीपर्यंत चालत गेलो, कारण भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट पोचवणाऱ्या सरकारी योजनेची, केबल तिथवर येते. तुम्हीही तिथून घरापर्यंतचं अंतर मोजा आणि जास्तीच्या वायरचे पैसे वेगळे लागतात का, ते आधीच विचारून घ्या.

वायर घरात कुठून घ्यायची, हे जोडणी करणारा माणूस यायच्या आधी ठरवा. आमची पहिली वायर टिनावरून सोडली होती. वांदरांनी आठ दिवसांत तोडली. मुलीचा फॉर्म भरायचा राहिला, ते अजून लागतं मनाला. दुसऱ्यांदा भिंतीलगत पाइपातून घेतली. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला लावा आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच टपकतं. वायरीच्या आत केसाएवढी काच असते. काटकोनात वाकवली की प्रकाश गळतो, म्हणून कोपऱ्यावर मोठं वळण ठेवा. खिळा ठोकून तर अजिबात दाबू नका.

माणूस जायच्या आधी पॉवर मीटर, म्हणजे वायरीतल्या प्रकाशाची ताकद मोजायचं यंत्र, लावायला सांगा. आकडा वजा १५ ते वजा २५ डीबीएमच्या (हे त्या ताकदीचं माप) मधात असला तर उत्तम. वजा २७ च्या पलीकडे, म्हणजे वजा २८, २९ असा असेल तर सही करू नका, जोड पुन्हा करून घ्या. एवढं हक्कानं सांगायचं!

राउटर घराच्या मधल्या खोलीत, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागं नको. लाइन जातेच आपल्याकडे, तेव्हा अडॅप्टरवरचा व्होल्ट पाहून त्याच मापाचा छोटा यूपीएस घ्या. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टचा चालतो.

राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला तर वायर तुटली किंवा वाकली समजा, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.